बटणांची जागा

वार्षिकाच्या अंकात मोबाइलवरील गोळीबाराच्या खेळाविषयी लेख पाहून काही प्राध्यापकांच्या कपाळावर आठी उमटेल, हे मी जाणून आहे. या खेळांनी मुले बिघडतात की नाही, याचा निवाडा मी करणार नाही. तो वाद वक्तृत्व स्पर्धेत रंगतो आणि दोन्ही बाजूंना सारख्याच टाळ्या पडतात. मला सांगायचे आहे ते खेळाच्या एका कोपऱ्याविषयी. तिथे एकही गोळी सुटत नाही. त्या कोपऱ्याला ‘सेटिंग’ म्हणतात, आणि तिथे शिरलेला माणूस खेळत नसतो, खेळाची मांडामांड करत असतो.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. ‘पबजी’ २०१८ साली मोबाइलवर आला. त्याचे आजचे भारतीय रूप म्हणजे ‘बीजीएमआय’. शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात. हाती काहीच नसते. पडक्या घरांतून बंदुका, गोळ्या, औषधे गोळा करायची. भोवतीचे वर्तुळ हळूहळू आवळत येते आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. चौघांची टोळी करूनही खेळता येते, आणि ते चौघे चार गावांचे असले तरी चालते. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात पावसाळी मासेमारीबंदीच्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर आल्या, की त्यांच्या सावलीत चार मुले माना खाली घालून बसलेली दिसतात. जाळी शिवायला बसली असतील असे दुरून वाटते. जवळ गेले की बंदुकांचे आवाज ऐकू येतात.

मी डावखुरी आहे. ही गोष्ट एरवी कुणाला सांगण्यासारखी नाही, पण या लेखात तिच्यावाचून पुढे जाता येत नाही. पाटीवर पेन्सिल डाव्या हातात धरली, तेव्हा बालवाडीच्या बाईंनी ती काढून उजव्या हातात दिली. आई मासळी विकते. सुट्टीत तिच्या टोपलीशी बसले, की ती हळूच म्हणते, “बाय, पैसे डाव्या हाताने नको घेऊ गो, गिऱ्हाईक आहे ते.” कात्री उजव्यांची. परीक्षेच्या दालनातील खुर्चीला लिहिण्याची फळी असते तीही उजवीकडे. तीन तास अंग पिळून उत्तरे लिहायची आणि वर अक्षर सुवाच्य काढायचे. यात कुणाचा दुष्टावा नाही. मला कुणी विचारले नाही, एवढेच.

या खेळाने विचारले. त्यातली नेहमीची मांडणी अशी असते: डावा अंगठा माणसाला चालवतो, उजवा अंगठा त्याची नजर फिरवतो आणि गोळीही तोच झाडतो. म्हणजे नेमके काम उजव्याकडे आणि हमाली डाव्याकडे! पण सेटिंगमध्ये प्रत्येक बटण बोटाने धरून सरकवता येते, लहानमोठे करता येते, पुसट करता येते. गोळीचे दुसरे बटण डाव्या बाजूला घेता येते. ते मी वरच्या कोपऱ्यात नेले, मोठे केले आणि डाव्या तर्जनीखाली ठेवले. उरला नेम. त्यासाठी ‘जायरोस्कोप’ची सोय आहे: फोन जसा कलवावा, तशी बंदुकीची नळी कलते. दोन्ही हातांनी धरलेली वस्तू कलवताना डावे-उजवे असे काही राहतच नाही.

मग संवेदनशीलता. बोट इंचभर सरकले तर नजर किती वळावी, फोन किंचित कलला तर नळी किती हलावी, हे सर्व आकड्यांनी ठरवायचे. साधी दुर्बीण, दुप्पट, चौपट, आठपट, प्रत्येकीचा आकडा वेगळा. बंदूक झाडताना वर उसळते. आकडा कमी ठेवला तर ती आभाळ बघते, जास्त ठेवला तर जमिनीत नाक खुपसते. खेळात एक सराव मैदान आहे. तिथे भिंतीसमोर उभे राहून मी कित्येक संध्याकाळी पाच-पाच अंकांनी हे आकडे वरखाली केले आहेत. कुणी मरत नाही, कुणी जिंकत नाही. दादा म्हणायचा, “अगं, खेळणार कधी?” त्याला काय सांगणार, की मला तोच खेळ वाटत होता.

पुढे मोठ्या स्पर्धांची चित्रे पाहताना एक गंमत ध्यानात आली. चार बोटांनी खेळणारे पुष्कळ पट्टीचे खेळाडू गोळी डाव्या तर्जनीनेच झाडतात. उजव्या अंगठ्याला नजरेसाठी मोकळे ठेवायचे, हा त्यांचा हिशेब. ते सारे उजवेच असतील, पण मला त्या दिवशी उगाच नातलग भेटल्यासारखे वाटले.

ही मांडामांड मोबाइलबरोबर जन्मली असेही नाही. संगणकावरील ‘क्वेक’ या खेळात कोणती कळ काय करील, हे खेळणाऱ्याला ठरवता येत असे. १९९७ साली अमेरिकेत त्याची मोठी स्पर्धा झाली. ती डेनिस फाँग या तरुणाने जिंकली आणि खेळाचा कर्ता जॉन कारमॅक याची लाल फेरारी मोटार बक्षीस मिळवली. फाँग बाणांच्या कळा सोडून डब्ल्यू, ए, एस, डी या अक्षरांवर बोटे ठेवी. पुढे ती बैठक जगभर पसरली. ‘काउंटर स्ट्राइक’ हा खेळ तर दोन हौशी तरुणांनी १९९९ मध्ये दुसऱ्याच एका खेळाला मुरड घालून बनवला, आणि पबजीचा कर्ता ब्रेंडन ग्रीन याची सुरुवातही दुसऱ्याच्या खेळात फेरफार करण्यापासूनच झाली. घेतलेली वस्तू आहे तशी न वापरणाऱ्यांची ही परंपरा आहे.

आता मात्र नामांकित खेळाडूची मांडणी एका सांकेतिक क्रमांकात मिळते. तो आपल्या फोनमध्ये घातला, की त्याची सगळी बटणे आपल्याकडे अवतरतात. आमच्या गल्लीतील मुले असे क्रमांक एकमेकांना पुरवतात. मला ते परीक्षेच्या आदल्या रात्री उसन्या आणलेल्या गाईडसारखे वाटते. त्या खेळाडूचा पंजा मोठा, त्याच्यापुढे आयपॅड. आपल्या सहा इंची फोनवर त्याचे बटण अंगठ्याला पोचतसुद्धा नाही. तरी मुले ते बदलत नाहीत. म्हणतात, “त्याला जमतं म्हणजे आपलाच हात वाईट.” हे ऐकले की मला बालवाडीच्या बाई आठवतात.

सगळे फुकट आहे असे मात्र समजू नये. जायरोस्कोपचा भाग कित्येक स्वस्त फोनांत नसतो. चित्र दर सेकंदाला किती वेळा बदलावे याचे वरचे पर्याय महागड्या फोनलाच उघडतात. आयपॅडवर दृश्यही जास्त उंच दिसते. म्हणून गरीब फोनवाले चित्रांची सगळी शोभा खाली आणतात आणि तेवढ्यावर वेग मिळवतात. उलट ज्याची जाहिरात होते, ते पोशाख आणि बंदुकीवरचे रंग पैसे मोजून घ्यायचे असतात. माझ्या बाहुलीच्या अंगावर फुकटात मिळालेला सदरा आहे. त्यावरून अनोळखी सोबती मला ‘बॉट’, म्हणजे यंत्राने चालवलेला मठ्ठ गडी, समजतात. समजोत बापडे.

एक मांडणी मात्र मला खुपते. बीजीएमआयमध्ये गोळी लागलेल्याचे रक्त हिरवे दिसते, आणि मारले याऐवजी संपवले अशा अर्थाचा शब्द येतो. हेतू चांगला असेल. पण रंग बदलला की मरण सौम्य होते, हे काही मला पटत नाही.

आमच्या घरात कित्येक वर्षे चांगला फोन एकच होता, दादाचा. २०२० च्या टाळेबंदीत सकाळी त्यावर माझी शाळा भरायची आणि रात्री खेळ. खेळात तीन मांडण्या साठवण्याची सोय आहे. पहिली दादाची, दुसरी माझी, तिसरी चुलतभावाची. एका खोलीच्या घरात माझे स्वतःचे कपाट नव्हते, पण ‘मांडणी २’ होती. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपांवर बंदी घातली, त्यांत पबजी गेला, आणि ऑक्टोबरअखेर तो येथे बंदच पडला. बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आला, २८ जुलै २०२२ रोजी दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. २०२१ मध्ये मी मांडणी पुन्हा शून्यातून लावायला बसले. आकडे लिहून ठेवलेले नव्हते. तर्जनी आपणहून वरच्या डाव्या कोपऱ्यात गेली.

आता उरते ती गोष्ट सेटिंगमध्ये आहे आणि नाहीही. बाहुली स्त्री असावी की पुरुष, हे निवडता येते. पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ नावाचा असाच खेळ आणला. त्यातही बिग गज, मोरनी अशी देशी नावांची पात्रे निवडायला ठेवली. शरीर हवे ते मिळते. आवाजाचे काय? माइक बंद ठेवा, फक्त ऐका, किंवा बोला, एवढेच पर्याय. अनोळखी तिघांबरोबर खेळताना मी पहिल्यांदा बोलले, तेव्हा एक जण म्हणाला, “अरे, मुलगी आहे!” दुसऱ्याने गाव विचारले, मग फोन नंबर विचारला. तिसरा खेळ सोडून गेला. शत्रू समोरच्या घरात होता आणि त्याकडे कुणाचे लक्ष नव्हते.

त्यानंतर वर्षभर मी फक्त ऐकत राहिले. नावही असे घेतले की मुलगा वाटावे. पण चौघांच्या खेळात मुका गडी अर्धाच असतो. शत्रू कुठे आहे हे नकाशावर खूण करून दाखवता येते, पण “थांब, आत्ता नको” हे खुणेने सांगता येत नाही. हे बटण कितीही सरकवून पाहिले तरी उपयोग नव्हता, कारण ते माझ्या फोनवर नव्हतेच. त्या तिघांच्या डोक्यात होते.

या पावसाळ्यापासून मी माइक चालू ठेवते. उतरतानाच सांगते, “डावी बाजू मी बघते.” कुणी नंबर विचारला तर त्याचा आवाज बंद करायचे बटण आहे, ते मी उजव्या अंगठ्याने दाबते, डाव्या तर्जनीला तेवढ्यासाठी उठवत नाही. कुणी निघून गेला तर आम्ही तिघे खेळतो. दोन मुलींनी आतापर्यंत उलट उत्तर दिले आहे. एक नालासोपाऱ्याची आहे. ती वर्षानुवर्षे माइक बंद ठेवूनच खेळत होती, आणि नेम माझ्यापेक्षा चांगला आहे तिचा.