आभाळ कोरडं, रस्ता बंद!

समजा तुम्ही सहलीला निघालात. डबे बांधले, गाडीत बसून तब्बल ६८० किलोमीटर गेलात आणि तिथे एका पाटीनं तुम्हाला सांगितलं, "पुढचा रस्ता बंद आहे." तर काय कराल? रुसाल ना? खरं सांगू, मीसुद्धा रुसले होते. आणि मी तर चौथीच्या वर्गाची बाई आहे!

त्या रुसव्याचीच ही गोष्ट.

माझा दादा ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेड शहरात राहतो. एका मे महिन्याच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेले होते. आपल्याकडे उन्हानं अंगाची लाही होत असते, तेव्हा तिकडे थंडी सुरू होत असते. पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात, हे तुम्ही भूगोलात शिकला आहातच. अ‍ॅडलेड ही साउथ ऑस्ट्रेलिया राज्याची राजधानी. हे राज्य आपल्या महाराष्ट्राच्या तिपटीहून मोठं आहे, पण बहुतेक माणसं समुद्राकाठी राहतात. आतला भाग म्हणजे मैलोन् मैल लाल माती, खुरटी झुडपं आणि वर निळंभोर आभाळ. या ओसाड मुलखाला तिकडे 'आउटबॅक' म्हणतात.

मला पाहायचं होतं काटी थंडा - लेक आयर हे तळं. काटी थंडा हे तिथल्या मूळ रहिवासी अरबाना लोकांनी दिलेलं नाव. २०१२ सालापासून दोन्ही नावं मिळून अधिकृत झाली आहेत. ऑस्ट्रेलियातली सर्वांत सखल जागा इथेच आहे, समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ मीटर खाली! तळं पूर्ण भरलं, तर त्याचा विस्तार होतो जवळजवळ ९,५०० चौरस किलोमीटर. म्हणजे मुंबईसारखी पंधरा शहरं त्यात मावतील. पण गंमत अशी, की ते क्वचितच भरतं. एरवी तिथे मिठाचा पांढराशुभ्र, सपाट थर असतो. "मी ते तळं पाहून येणार आणि तुम्हाला सांगणार," असं मी वर्गाला सांगूनच निघाले होते.

दादानं भाड्यानं दणकट फोर-व्हील ड्राइव्ह गाडी घेतली. आमचा मार्ग असा होता: अ‍ॅडलेडहून मरी नावाचं गाव, तिथून उडनाडाटा ट्रॅक या कच्च्या रस्त्यानं सुमारे २०० किलोमीटरवरचं विल्यम क्रीक, आणि तिथून आणखी ६४ किलोमीटर वाळूची वाट.

माझा भाचा ओंकार बारा वर्षांचा. तयारीची वही त्याच्याकडे होती. पहिल्या पानावर सामान: माणशी रोजचं दहा लिटर पाणी, दोन जादा टायर, फावडं, टायरमधली हवा मोजायचं यंत्र, सॅटेलाइट फोन. कारण तिथे साधा मोबाइल बहुतेक ठिकाणी चालतच नाही. दुसऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'रस्ता उघडा आहे का?' आणि त्याखाली चार चौकोन.

"चार कशाला रे? एकदा विचारलं की झालं," मी म्हटलं.

"आत्या, हा डांबरी रस्ता नाही. सकाळी उघडा असलेला रस्ता संध्याकाळी बंद होऊ शकतो," तो म्हणाला.

कच्च्या रस्त्यांची स्थिती तिथलं सरकारी रस्ते खातं रोजच्या रोज जाहीर करतं. कोणता रस्ता सर्व वाहनांना खुला, कोणता फक्त फोर-व्हील ड्राइव्हला आणि कोणता पूर्ण बंद, हे नकाशावर दाखवलेलं असतं. आदल्या रात्री ओंकारनं ते पाहिलं. रस्ता खुला! पहिल्या चौकोनात बरोबरची खूण झाली. वाटेत हॉकर गावात दुसरी आणि ली क्रीकला तिसरी खूण झाली. संध्याकाळी मरीला पोचलो. तिथल्या मोठ्या फलकावर प्रत्येक रस्त्यापुढे तो उघडा की बंद, हे लिहिलेलं होतं. उडनाडाटा ट्रॅक उघडा! चौथी खूण. मी मनात म्हटलं, झाली एकदाची परीक्षा.

मरी हे चिमुकलं गाव आहे. आमच्या शाळेची पटसंख्याही त्याहून जास्त भरेल. पण त्याचा इतिहास मोठा. १९८० साली बंद झालेल्या जुन्या 'घान' रेल्वेची इंजिनं तिथे अजून उभी आहेत. रेल्वेच्याही आधी इथे सामान वाहायचे उंट! १८६६ साली कराचीहून शंभरावर उंट आणि ते हाकणारी माणसं जहाजानं या राज्यात आणली गेली. ही माणसं अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध, पंजाब अशा भागांतली होती, पण सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हटलं जाई. त्यांच्यावरूनच रेल्वेला 'घान' नाव पडलं. त्यांनी बांधलेल्या मातीच्या मशिदीची प्रतिकृती गावात पाहिली आणि आपल्याकडची माणसं कुठवर पोचली होती, याचं नवल वाटलं.

रात्री पत्र्यावर टपटप आवाज झाला. अर्धा तास, फार तर पाऊण तास. आपल्या पावसाच्या मानानं अगदीच किरकोळ! सकाळी उठले तर लख्ख ऊन. आभाळात ढगाचा ठिपका नाही.

चहा घेऊन गाडीत बसणार, तेवढ्यात ओंकार धावत आला. "बाबा, पाटी बदलली. रस्ता बंद!"

"काहीतरीच काय!" मी म्हटलं. "काल तर उघडा होता. आणि पाऊस किती पडला, तर वाटीभर! दादा, आपली गाडी एवढी दणकट आहे. हळूहळू जाऊ या ना. मी परत कधी येणार इथे?"

दादा माझ्याकडे पाहत गप्प उभा राहिला. त्यालाही वाईट वाटत होतं. वहिनी म्हणाली, "निदान दुकानात विचारू तरी."

दुकानातल्या आजी हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. त्या आम्हाला बाहेर घेऊन गेल्या आणि रस्त्याकडेच्या मातीवर पाय ठेवायला सांगितला. मी ठेवला. बूट सर्रकन घसरला आणि उचलला तेव्हा तळव्याला दोन बोटं जाड चिखल! आपल्याकडे पावसाळ्यात काळ्या रानात बैलगाडी कशी फसते, ते आठवा. तिथली चिकणमाती तशीच. वरून ऊन पडलं तरी आत ओल राहते.

आजी म्हणाल्या, "तुम्ही फसलात तर तुम्हाला आणायला कुणालातरी त्याच चिखलात जावं लागेल. आणि नाही फसलात, तरी चाकांचे खोल चर मागे राहतील. उन्हात ते सिमेंटसारखे कडक होतात. मग ग्रेडर यंत्र येऊन रस्ता सपाट करेपर्यंत आम्ही त्याच चरांतून जायचं. आमची भाजी, औषधं, टपाल, सगळं याच रस्त्यानं जातं."

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. रस्ता बंद म्हणजे मला अडवलं, एवढंच मी धरून बसले होते. पण तो रस्ता माझा नव्हताच. मी एक दिवसाची पाहुणी. दूरदूरच्या गुरांच्या फार्मवर राहणाऱ्या माणसांचा तो रोजचा रस्ता होता. त्या फार्मवरची मुलं शाळेत जाऊच शकत नाहीत, इतकी ती दूर असतात. त्यांच्यासाठी १९५१ साली अ‍ॅलिस स्प्रिंग्ज इथे रेडिओवरून भरणारी 'आकाशातली शाळा' सुरू झाली. आता ती इंटरनेटवर भरते. आजारी माणसासाठी तर १९२८ पासून विमानातून डॉक्टर येतात. पण बाकी सगळं येतं ते या मातीच्या रस्त्यानंच.

आजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. कधीकधी महिनाभर थेंब पडलेला नसतो, तरी रस्ते बंद होतात! कसे? शेकडो किलोमीटर दूर, शेजारच्या क्वीन्सलंड राज्यात पडलेला पाऊस नद्यांमधून सावकाश वाहत येतो. बर्ड्सव्हिल ट्रॅकवर कूपर क्रीकला असा पूर आला, की रस्ता पाण्याखाली जातो आणि गाड्या तराफ्यासारख्या बोटीतून पलीकडे न्याव्या लागतात. २०२५ साली क्वीन्सलंडमध्ये प्रचंड पाऊस झाला, तेव्हा ते पाणी असंच येऊन तळ्यात मोठा साठा झाला. म्हणून तिथे आभाळ पाहून नव्हे, तर पाटी वाचून निघायचं!

आणि पावसापुढे मोठमोठ्यांनाही थांबावं लागलं आहे बरं का. डोनाल्ड कॅम्पबेल हा इंग्रज वीर 'ब्लूबर्ड' नावाची गाडी घेऊन जागतिक वेगाचा विक्रम करायला १९६३ साली याच तळ्यावर आला होता. पाऊस पडला, मिठाचा थर भिजला आणि त्याला परत जावं लागलं. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला आणि १७ जुलै १९६४ रोजी त्यानं ताशी ६४८ किलोमीटरचा वेग गाठला.

आम्ही एक दिवस मरीतच थांबलो. दुपारी ट्रॅक्टरमागे बांधलेली एक गाडी गावात आली. चिखलानं इतकी माखलेली, की तिचा रंग ओळखू येईना. दोन तरुण पहाटे पाटी ओलांडून गेले होते आणि वीस किलोमीटरवर अडकले होते. सुदैवानं ते गाडीपाशीच थांबले, म्हणून लवकर सापडले. गाडी सोडून वाळवंटात चालत निघालेल्या माणसांचे प्राण गेल्याच्या घटना या भागात घडल्या आहेत. त्या दोघांचे उतरलेले चेहरे पाहून मी ओंकारकडे पाहिलं. तो काहीच बोलला नाही. वहीत त्यानं पाचवा चौकोन काढला आणि फुली मारली.

दुसऱ्या दिवशीही पाटी 'बंद'च होती. आम्ही परत फिरलो. तळं मी पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर मला एक जुनी गोष्ट सारखी आठवत होती. ती मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. आज तुम्हाला सांगते.

माझी शाळा परभणी जिल्ह्यातल्या एका वस्तीवर आहे. वाटेत ओढा आहे आणि त्यावर ठेंगणा फरशी पूल. आदल्या पावसाळ्यात पुलावरून घोटाभर पाणी वाहत होतं. माझ्या स्कुटीवर मागे आरती बसली होती, आमच्या वर्गातली. "रोजचाच तर रस्ता," असं म्हणून मी गाडी घातली. मधोमध चाक शेवाळावरून घसरलं आणि आम्ही दोघी पडलो. एका शेतकरीदादांनी आरतीचा हात धरला म्हणून बरं! तिचं दप्तर मात्र वाहून गेलं. शाळेत मी एवढंच सांगितलं, "स्कुटी घसरली." पुढच्या आठवड्यात तशाच पाण्यातून दोन मुलं चालत आली. मी रागावले, तर ती म्हणाली, "बाई, तुम्ही नाही का आला होता!"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा तळ्याच्या फोटोऐवजी मी मरीच्या पाटीचा फोटो वर्गात दाखवला आणि वरची गोष्टही खरी खरी सांगितली. आरतीच्या आईवडिलांकडे जाऊन माफी मागितली. मग ग्रामपंचायतीला विचारून मुलांनी पुलाशेजारच्या दगडी खांबावर, फरशीच्या पातळीला, लाल पट्टा रंगवला. पाणी पट्ट्याला लागलं की रस्ता बंद. मुलांना बंद, पालकांना बंद आणि बाईंनाही बंद!

जुलैत एके सकाळी मी घाईनं निघाले होते. केंद्रप्रमुख शाळेला भेट द्यायला येणार होते. पाऊस थांबला होता, छान ऊन पडलं होतं. ओढ्याच्या अलीकडच्या वळणावर आरती उभी होती. हातात पाटी, आणि पाटीवर खडूनं एकच शब्द: 'बंद'.

"बाई, पट्टा बुडालाय," ती म्हणाली.

मी स्कुटी स्टँडवर लावली. शाळेत फोन केला. मग अलीकडची सहा मुलं गोळा करून आरतीच्याच घराच्या ओसरीवर वर्ग भरवला. दुपारी पट्टा पुन्हा दिसायला लागला. आरतीनं जाऊन नीट पाहिलं, पाटीवरचा 'बंद' पुसला आणि मगच आम्ही निघालो.