पाच तारखेचे भजे

काल पाच तारीख होती. सकाळी साडेसातला कन्नडच्या बसस्टँडजवळच्या हॉटेलात दोन टेबलं जोडून नऊ जण बसले होते. सगळे एसटीतले रिटायर. चार ड्रायव्हर, तीन कंडक्टर, एक वाहतूक नियंत्रक आणि वर्कशॉपमधले एक मेकॅनिक, ज्यांना सगळे चाचा म्हणतात. दर महिन्याला पाच तारखेला हे लोक नाष्ट्याला जमतात. तारीख पाचच का, तर तोवर सगळ्यांच्या खात्यात पेन्शन पडलेली असते. भजे, तळलेली मिरची, एखादा पोहे घेतो, मग कट चहा. बिल ज्याचं त्यानं द्यायचं. हा नियम पहिल्या दिवसापासून आहे आणि तो कामून केला ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

मी एसटीतला नाही. तरी मला तिथं खुर्ची मिळते, त्याचं कारण जुनं आहे.

मी पत्रकारितेचा डिप्लोमा करून गावात आलो तेव्हा आमच्या बातम्या एसटीनं जायच्या. फॅक्सला पैसे पडायचे आणि फोटो फॅक्सनं काळा ढिम्म जायचा. त्यामुळं कागदावर हातानं लिहायचं, फोटो जोडायचा, खाकी पाकिटात घालायचं, वर लाल पेनानं ‘बातमी – तातडीचे’ लिहायचं आणि दुपारच्या औरंगाबाद गाडीच्या कंडक्टरकडं द्यायचं. हतनूर, टापरगाव, गल्लेबोरगाव, वेरूळ करत, दौलताबादच्या दरवाज्यात गाडी अडकली नाही तर अडीच तासांत पाकीट मध्यवर्ती बसस्थानकात. तिथं पेपरचा माणूस उभा असायचा. नव्या पोरांना हे सांगितलं की हसतात. पण तालुक्यातले खून, अपघात, जत्रा, उपोषणं, सगळं कंडक्टरच्या तिकीट पेटीशेजारी बसून गेलेलं आहे. एका रुपयाचंही भाडं कुणी घेतलं नाही. पाकीट हरवलं असं एकदाही झालं नाही.

तर ह्या लोकांच्या गप्पा. आधी अर्धा तास तब्येती, मग गाड्या. कोणती गाडी घाटात गरम व्हायची, कोणत्या गाडीचा गिअर दुसऱ्यावरून निसटायचा, हे त्यांना नातवाच्या वाढदिवसापेक्षा जास्त पाठ आहे. गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे नावासारखे घेतात. मुक्कामी गाडीचे किस्से तर संपत नाहीत. चिंचोली लिंबाजीला, नागदला रात्री गाडी लावायची, टपावर नाहीतर सीटवर झोपायचं, पहाटे गावातलं कुणीतरी चहा आणून द्यायचं. त्यातल्या सगळ्यात वयस्क आप्पांचे वडील निजामाच्या गाडीवर होते. १९३२ पासून निजाम सरकारच्या रेल्वे खात्याचीच बस चालायची आपल्याकडं. पुण्या-नगरची पहिली एसटी १ जून १९४८ ला सुटली, म्हणजे आपल्याकडची सरकारी गाडी त्याआधी सोळा वर्षांची. हे आप्पा दर महिन्याला एकदा सांगतात आणि बाकीचे दर महिन्याला ‘हाव हाव’ म्हणतात.

औट्रम घाट हा वेगळा विषय. ३१ ऑगस्ट २०२१ ला दरडी कोसळल्या तेव्हा ह्यातले दोघं नोकरीत होते. २०२३ च्या ऑगस्टपासून कोर्टाच्या आदेशानं जड वाहनांना घाट बंद झाला, तेव्हा सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, की हे आधी कुणी ड्रायव्हरला विचारलं असतं तर फुकटात सांगितलं असतं.

टेबलाच्या दोन टोकांना दोन ड्रायव्हर बसतात, ते एकमेकांशी बोलत नाहीत. एका गावचे, एकाच वर्षी लागलेले. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर संप सुरू झाला, विलीनीकरणाच्या मागणीचा. तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. एक जण शेवटपर्यंत मंडपात बसला. दुसऱ्याच्या पोरीचं लग्न ठरलेलं होतं, त्यानं डिसेंबरमध्ये स्टेअरिंग धरलं. पहिल्यानं त्याला तेव्हा भर स्टँडवर जे बोलला ते मी ऐकलेलं आहे, इथं लिहिणार नाही. आता दोघंही रिटायर. दोघंही पाच तारीख चुकवत नाहीत. एकाला मीठ पाहिजे असलं तर मधल्या माणसाला सांगतो, मधला दुसऱ्याकडून घेऊन देतो. कुणी समेट घडवायला जात नाही. मी एकदा गेलो होतो, तर आप्पा म्हणाले, “राहू दे लेका. येतात ना.”

आता पेन्शनचं. गावात बहुतेकांना वाटतं एसटीवाल्याला सरकारी पेन्शन असते. नसते. महामंडळ आहे ते. ह्यांना ईपीएस-९५ लागू आहे, १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची केंद्राची योजना. साखर कारखाना, सूतगिरणी, सहकारी बँक, खाजगी कंपनी, सगळे ह्याच रांगेत. देशात असे ७८ लाखांच्या आसपास पेन्शनर आहेत. हिशोब असा : पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. गोम आहे ती ‘पेन्शनपात्र’ शब्दात. खरा पगार कितीही असो, ऑगस्ट २०१४ पर्यंत तो ६,५०० च धरायचा. १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० झाला. मी एकदा पेपरच्या कडेला गणित मांडलं. ६,५०० गुणिले १८ भागिले ७०, म्हणजे १,६७१ रुपये. त्यात पुढची मागची थोडी भर पडते. २०१६ ला रिटायर झालेल्या आमच्या एका कंडक्टर तात्यांना दोन हजार सातशेच्या आसपास मिळतात. तीस वर्षं नोकरी केली त्यांनी. ह्या पेन्शनला महागाई भत्ता जोडलेला नाही. पहिल्या महिन्यात जेवढी, मरेपर्यंत तेवढी. कमीत कमी पेन्शन १,००० रुपये, तीही २०१४ पासून तिथंच उभी आहे. ७,५०० अधिक महागाई भत्ता द्या म्हणून शेजारी बुलढाण्यात २०१८ च्या डिसेंबरपासून साखळी उपोषण सुरू झालं. ४ नोव्हेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाचा वाढीव पेन्शनचा निकाल आला, पण त्यासाठी आधी मागच्या फरकाची रक्कम व्याजासकट भरायची. ती लाखात जाते. टेबलावरच्या एकानंही भरली नाही.

आणि म्हणून बिल ज्याचं त्यानं द्यायचं. कुणी कुणाला पाजायला लागला की पुढच्या महिन्याला दुसऱ्याला पाजावं लागतं, आणि ज्याला ते जमत नाही तो यायचा बंद होतो.

चाचा मध्ये तीन महिने आले नाहीत. पहिल्या महिन्याला वाटलं लेकीकडं गेले असतील. दुसऱ्या महिन्याला फोन केला तर ‘घुटना दुखता’ म्हणाले. तिसऱ्या महिन्याला तात्या आणि मी घरी गेलो. गुडघा ठणठणीत होता. पेन्शनच बंद होती. हयातीचा दाखला द्यायला गेले तर मशीनवर अंगठा उमटेना. दहाच्या दहा बोटं घासून झाली. पस्तीस वर्षं नट-बोल्ट, डिझेल, ग्रीस, रॉकेलनं हात धुणं, बोटावर रेषा राहतील कशा? ‘उद्या या’ म्हणाले, उद्या गेले तर ‘लिंक नाही’. मग चाचा गेलेच नाहीत. वर्ष उलटलं आणि पेन्शन थांबली. कुणाला सांगितलं नाही. आम्हाला म्हणाले, “क्या बोलना मियाँ, मैं जिंदा हूँ ये साबित नहीं हो रहा, हे कसं सांगू?” आणि हसले. तात्या हसले नाहीत.

बऱ्याच लोकांना माहीत नाही म्हणून सांगतो. २०२२ पासून ईपीएफओच्या पेन्शनरला चेहऱ्यावरून दाखला देता येतो, मोबाईलच्या कॅमेऱ्यानं. अंगठा लागत नाही. नोव्हेंबरची वाट पाहायची गरज नाही, वर्षात कधीही द्या, दिला त्या दिवसापासून बारा महिने चालतो. चाचांच्या ओसरीतच आम्ही केला. दोनदा फेल गेला, अंधार होता. मग त्यांना अंगणात लिंबाखाली उभं केलं, टोपी काढायला लावली, डोळे मिटा-उघडा म्हटलं, आणि झाला. पुढच्या महिन्यात मागची सगळी रक्कम एकदम आली. कालच्या पाच तारखेला चाचा नव्या शर्टात होते आणि बिल ज्याचं त्यानंच दिलं.

आता जे लिहायचं म्हणून ही पोस्ट सुरू केली ते.

२००४ च्या उन्हाळ्यात मी एक बातमी दिली होती. एका म्हातारीला कंडक्टरनं भर उन्हात फाट्यावर उतरवून दिलं, गावात गाडी नेली नाही, उर्मट बोलला. तक्रार करणारा माझ्या ओळखीचा होता. मी कंडक्टरला विचारलं नाही. डिप्लोम्यात पहिल्या महिन्यात शिकवलेली गोष्ट, दोन्ही बाजू घ्या. चार ओळींची बातमी, तिला कशाला दोन बाजू, असं वाटलं असेल. छापून आली, चौकशी लागली, एक वेतनवाढ रोखली गेली. तो कंडक्टर म्हणजे तात्या.

मला हे नाव तेव्हाच माहीत होतं. तात्यांनाही बातमी कुणाची ते माहीत असणार, गावात तेव्हा पत्रकार किती होते? तरी ह्या टेबलावर दोन वर्षं बसून आम्ही दोघं त्यावर बोललो नव्हतो. चाचांच्या घरून परत येताना मी गाडी बाजूला लावली आणि विषय काढला. त्यांनी शांतपणे सांगितलं. गावाच्या रस्त्यावर मोरीचं काम निघालं होतं, फाट्यावरून गाडी फिरवा असा वरून निरोप होता. सगळेच उतरले. म्हातारीला त्यांनी एका दूधवाल्याच्या मोटारसायकलवर बसवून दिलं होतं. उर्मट बोलले का? “बोललो असंन. पन्नास माणसं एकदम भांडत होती.”

मग म्हणाले, “तुला एक सांगू का? ते पाकीट मीच नेलं होतं. दुसऱ्या दिवशी माझी औरंगाबाद ड्यूटी होती. तूच खिडकीतून दिलं.”

मला ते आठवत नाही. खरंच आठवत नाही, आणि तेच जास्त लागलं.

मी विचारलं, त्या वेतनवाढीनं पेन्शन किती कमी झाली असंल? तात्या मोठ्यानं हसले. “तूच गणित मांडलं ना पेपरवर? सहा हजार पाचशे धरतात. पगार वाढला काय, रोखला काय, एक रुपया इकडंतिकडं होत नाही. तू फिकीर करू नको, तुझ्या आधीच सरकारनं कापून ठेवलं होतं.” थोड्या वेळानं पुढं म्हणाले, “वर्षभर घरात मात्र बायकोचं ऐकावं लागलं. तिला पेपर दाखवला होता शेजारणीनं.”

वीस वर्षांपूर्वीची बातमी आता दुरुस्त कुठं छापणार? ज्या पेपरात आली त्याची आवृत्ती बदलली, मी तिथं नाही. म्हणून इथं लिहिलं. तात्यांना विचारून लिहिलं. नाव टाकू नको म्हणाले, तसं टाकलं नाही. ज्यांनी तेव्हा ती बातमी वाचली होती, त्यांना कळेल.

पुढच्या पाच तारखेला मी साडेसातपासून तिथं आहे. एसटीचेच असले पाहिजे असं नाही, कारखान्याचे, बँकेचे, कुठलेही ईपीएसवाले या. ज्यांचा अंगठा उमटत नाही त्यांनी तर याच. पीपीओ नंबरचा कागद, आधार, बँकेचं पासबुक आणा, आणि आधारला जोडलेला मोबाईल सोबत ठेवा, ओटीपी त्यावरच येतो. घरी विसरून आलात तर नातवाला फोन करत बसावं लागतं. भजे आठपर्यंत गरम मिळतात. बिल ज्याचं त्यानं.