अर्ध्यावर थांबलेला सामना
समोरचा जखमी होऊन बाहेर पडला, तर आपला विजय खरा का? कुंडमच्या आमच्या अंगणात बॅडमिंटन खेळणारी मुलं मला हे विचारतात. तुमच्याही घरात हा प्रश्न निघाला असेल.

2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकाच्या लढतीत चीनच्या वांग शिनने पहिला गेम 21-18 जिंकला होता. गुडघा दुखावल्याने तिने माघार घेतली आणि पदक सायना नेहवालला मिळालं. त्यात चूक कुणाचीच नव्हती. तिथवर सायना स्वतःच्या खेळावर पोहोचली होती.

2024 मध्ये पॅरिसला उपांत्य सामन्यात पुढे असलेली स्पेनची कॅरोलिना मारिन गुडघा धरून कोसळली. पट्टा बांधून उठली, पण दोन गुणांनंतर रडत थांबली. चीनची हे बिंगजिआओ अंतिम फेरीत गेली. रौप्यपदक घेताना तिच्या हातात स्पेनचा छोटासा बिल्ला होता.

म्हणून मुलांना दोन्ही गोष्टी शिकवा. दुखतंय तर थांबणं म्हणजे पळ काढणं नव्हे. गुडघा आयुष्यभर लागतो. आणि समोरचा थांबला, तर उड्या मारण्याआधी नेटपलीकडे जाऊन त्याला हात द्या.