मारी वळून बघते तेव्हा

काल रात्री ‘कास्क दॉर’ पाहिला आणि तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटले आहे! जाक बेकेरचा हा सिनेमा १९५२ चा. पॅरिसमध्ये तो आला तेव्हा सपशेल पडला. त्याच्यावर जीव टाकला तो आधी लंडनकरांनी. असला सिनेमा पडतोच कसा?

गोष्ट १९०० च्या आसपासच्या पॅरिसची, बेलव्हिल वस्तीतल्या टोळीवाल्यांची. मारी एका गुंडाची, रोलांची बाई. मांदा तुरुंग भोगून आलेला आणि आता सुतारकाम करून सरळ जगणारा. मार्न नदीकाठच्या नाचाच्या अड्ड्यावर दोघं एकमेकांना बघतात. बस, एवढंच. पण ते बघणं काय आहे! मारी रोलांबरोबर वॉल्ट्‌झ नाचतेय, हात त्याच्या हातात, आणि प्रत्येक गिरकीला तिची नजर मांदाला शोधून काढते. गिरकी संपते, चेहरा वळतो, पुन्हा नजर तिथेच. एक शब्द नाही. मी ते दृश्य मागे नेऊन पुन्हा पाहिलं, मग परत पाहिलं.

मारी म्हणजे सिमोन सिन्योरे. डोक्यावर सोनेरी केसांचा तो भरघोस अंबाडा, आणि चालण्यात, हसण्यात, नुसतं उभं राहण्यात असा तोरा की बाकी पडदा रिकामा वाटावा. पुढे तिला ‘रूम ॲट द टॉप’साठी ऑस्कर मिळालं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. या भूमिकेसाठी ब्रिटिश अकादमीने तिला परदेशी अभिनेत्रीचा पुरस्कार दिला होता, हे फारसं कुणी बोलत नाही. गावातल्या चर्चमध्ये कुणाचं तरी लग्न चाललंय आणि ती मांदाला ओढत आत नेते, तो प्रसंग बघा. तिचा चेहरा लहान मुलीसारखा उजळतो, त्याला मात्र तिथे अवघडल्यासारखं होतंय. या दोघांचं लग्न कधीच होणार नाही, हे आपल्याला तिथेच कळतं. पोटात कालवतं.

आणि सर्ज रेजियानी! अंगापिंडाने बारीक, जाड मिशा, बोलणं जवळजवळ नाहीच. मांदाचं प्रेम, त्याचा राग, मित्राशी असलेलं इमान, सगळं त्याच्या खांद्यांत आणि डोळ्यांत. मित्र विनाकारण अडकतोय म्हटल्यावर तो काय करतो, ते मी सांगणार नाही. हाच रेजियानी पुढे फ्रान्सचा लाडका गायक झाला.

बेकेर झां रेन्वारच्या हाताखाली तयार झालेला. माणसांकडे त्याच मायेने बघतो, पण फापटपसारा अजिबात नाही. चाकूची मारामारीसुद्धा तो पार्श्वसंगीताने फुगवत नाही. ऐकू येतात ते नुसते श्वास आणि पाय. गोष्टीला आधार खऱ्या घटनेचा: आमेली एली नावाच्या तरुणीवरून मांदा आणि लेका या दोन टोळीप्रमुखांत जुंपली होती आणि १९०२ साली पॅरिसची वर्तमानपत्रं त्या बातम्यांनी भरली होती. खऱ्या मांदाला गियानात काळ्या पाण्याची शिक्षा झाली. सिनेमातला शेवट वेगळा आहे, आणि तो कुणाकडून ऐकू नका.

जेमतेम दीड तासाचा सिनेमा आहे. सबटायटल्स लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि याच आठवड्यात बघा. बघून झाला की मला फोन करा, कितीही वाजले असोत.