शेव, बडीशेप, जिरावण

शुक्रवार, १० जानेवारी २०२५

रात्रीचे साडेदहा. पुण्याहून इंदूरला जाणारी बस नाशिक ओलांडून धुळ्याच्या रस्त्याला लागली आहे. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, खिडकीशी कानटोपी घालून जाग्याच बसल्यात. इंदूरचं माहेर सुटल्याला त्यांना बेचाळीस वर्षं झाली. भाऊ गेला, घर विकलं, त्यानंतर त्या तिकडे फिरकल्याच नाहीत. मी तर इंदूर पाहिलेलंच नाही. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी त्यांनी पोह्यांवर शेव घातली होती, आत बडीशेप होती. मी दोन्ही चमच्याने बाजूला सारलं. त्यांनी ते पाहिलं होतं. एकोणीस वर्षं झाली, तरी आठवलं की वाईट वाटतं.

शनिवार, ११ जानेवारी, सकाळ

बस दीड तास उशिरा पोचली. खोलीवर सामान टाकलं आणि तशाच बाहेर पडलो. थंडी चांगलीच होती. कोपऱ्यावर पोह्यांची गाडी. खाली पातेल्यात पाणी उकळत होतं, त्यावर पितळी परात आणि परातीत पोह्यांचा पिवळा डोंगर. आपण पोहे फोडणीत परततो आणि लगेच खातो, थोडे थांबले की ते कोरडे होतात. इथे ते वाफेवर तासभर राहिले तरी मऊच असतात, तेलही बेताचं.

"भिया, जीरावन तेज रखना," आई म्हणाल्या. पुण्यात त्यांचा असा मोकळा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

वरून बारीक कांदा, डाळिंबाचे दाणे, मूठभर शेव, लिंबू आणि जिरावण. जिऱ्या-धन्याची, काळ्या मिठाची, आमचुराची, हिंगाची ही तपकिरी पूड इंदूरचे लोक कशावरही घालतात. शेजारी गरम जिलबी. पहिल्या घासातच कळलं. वाफेवरच्या पोह्यांना स्वतःचा कुरकुरीतपणा नाहीच, तो शेवेनं द्यायचा असतो. जिलबीनंतर पुन्हा पोह्यांकडे वळताना मध्ये बडीशेप लागते, म्हणून जीभ गोंधळत नाही. मी इतकी वर्षं पानातून काढून टाकत आले, तो पदार्थाचाच अर्धा भाग होता.

आईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, जिलबी गार होतेय."

दुपार

राजवाडा. सात मजली, खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. होळकरांचा म्हणून पाहायला गेले खरी, पण आईंचं लक्ष मागच्या गल्लीकडे होतं. सराफा तिथेच आहे. आत्ता नुसती सोन्या-चांदीची दुकानं. "आत्ता काय बघतेस, रात्री ये," म्हणाल्या.

छप्पन दुकान या खाऊगल्लीत शिकंजी प्यायले. नाव ऐकून लिंबाचं सरबत असेल असं धरून चालले होते. हातात आला तो केशर-सुकामेव्याचा दाट, दुधाळ, किंचित आंबट पेला. एकटीला संपला नाही.

रात्री, बारा वाजून गेलेत

आज झोप येणार नाही, लिहूनच काढते.

साडेआठनंतर सराफांची दुकानं एकेक करून बंद होऊ लागली, आणि त्याच पायऱ्यांवर शेगड्या, कढया, तवे येऊन बसले. रात्री गल्ली जागी राहिली तर पेढ्या सुरक्षित राहतील, म्हणून सराफांनीच खाऊवाल्यांना जागा दिली, असं इथे सांगतात. आईंनी एक बंद शटर दाखवलं. लग्नाच्या बांगड्या तिथे घेतल्या होत्या. आणि त्याच रात्री वडिलांनी समोर गराडू खाऊ घातला होता.

गराडू म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातीचा कंद, पण आतून पांढरा. हा फक्त थंडीतला. फोडी एकदा तळून ढीग करून ठेवतात, गिऱ्हाईक आलं की पुन्हा कढईत सोडतात. कडा तांबूस झाल्या की झारा कढईच्या काठावर दोनदा आपटून निथळायचा, मग मसाला, मग लिंबू. वर कडक कवच, आत भाजलेल्या बटाट्यापेक्षा दाट, किंचित चिकट गर. आईंनी काडीला एक फोड टोचली, फुंकली, डोळे मिटून खाल्ली.

"दुसऱ्यांदा तळायची घाई केली त्यानं," म्हणाल्या. आणि आणखी एक प्लेट सांगितली.

भुट्टे का कीस खाल्ला. कोवळा मका किसून तुपात परतायचा, दुधात शिजवायचा. हिंग-मोहरी, हिरवी मिरची, वर ओलं खोबरं. कीस या शब्दानेच आपलं कोणी भेटल्यासारखं वाटलं. जोशींच्या दुकानात दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलतात, लहान मुलं टाळ्या पिटतात. पण मधूनमधून नूडल्स आणि पिझ्झाच्या गाड्याही लागल्यात, त्यांच्यापुढे गर्दी मोठी. मला ते खुपलं. गराडूवाल्याच्या वाट्याला वर्षाचे तीनचार महिनेच येतात, त्यातली जागा तरी त्याला पुरेशी मिळावी.

रविवार, १२ जानेवारी

सकाळी साबुदाणा खिचडी. हीसुद्धा वाफेवरची. भिजलेला साबुदाणा नुसता वाफवून ठेवतात, मागितला की त्यात मसाला, लिंबू, कोथिंबीर आणि बटाट्याच्या सळ्यांचा फराळी चिवडा कालवतात. दाण्याचं कूट, तूप-जिऱ्याची फोडणी, काही नाही. मला आपलीच आवडते, हे आईंना स्पष्ट सांगितलं. "मलाही तुझीच आवडते," त्या म्हणाल्या. हे मला आजवर माहीत नव्हतं.

जुन्या घराकडे जाऊया का, असं विचारलं. नको म्हणाल्या. मी पुन्हा विचारलं नाही. त्याऐवजी बाजारात गेलो. जिरावण अर्धा किलो, लवंगी शेव एक किलो, कच्चा गराडू दोन किलो. कंद निवडायला त्यांनी पाऊण तास घेतला. प्रत्येक उचलून पाहिला, नखानं साल खरवडून पाहिली.

सोमवार, १३ जानेवारी

पुणे. घरी आल्यावर पोहे भिजवले. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर पिठाची चाळणी ठेवली, चाळणीत पोहे, वर झाकण. आई ओट्याशी उभ्या राहून बघत होत्या. "झाकण तिरकं ठेव, नाहीतर पाणी पडेल," एवढंच म्हणाल्या आणि बडीशेपेची बरणी शोधायला लागल्या. ती वरच्या फळीवर, मागे होती. मीच ठेवलेली. स्टूल घेऊन काढून दिली.

संध्याकाळी गराडू तळायचाय. दुसऱ्यांदा तळताना घाई करायची नाही.