पांढरा पट्टा, दुसऱ्यांदा

दहावी आली की मुलीचा कराटेचा क्लास सुटतो. त्याला कोणी बंदी म्हणत नाही. ‘वर्ष महत्त्वाचं आहे’ एवढंच म्हणतात, आणि ते महत्त्वाचं वर्ष पुढे बारावी, कॉलेज, नोकरी, लग्न, बाळंतपण असं लांबतच जातं. प्रस्तुत लेखिकेचा हिरवा पट्टा असाच नव्वदच्या दशकात वर्ध्यातल्या एका शाळेच्या मैदानावर राहून गेला. चाळिशी उलटल्यावर ती पुन्हा क्लासला गेली. सरांनी आधीचा पट्टा कुठला ते विचारलं, उत्तर नीट ऐकून घेतलं आणि पांढरा पट्टा हातात ठेवला.

सरांचं बरोबर होतं. हेयान शोदान हा शोतोकान शैलीच्या कराटेतला पहिला काता, म्हणजे २१ हालचालींचा ठरलेला क्रम. डावीकडे वळून खालचा ब्लॉक, मग एक पाऊल पुढे टाकून ठोसा. क्रम लेखिकेला तोंडपाठ होता, पण पाय ऐकेनात. शेजारच्या रांगेतला तिसरीतला मुलगा म्हणाला, “काकू, तुमची टाच उचलते.” खरंच उचलत होती. पुढचा गुडघा वाकवून मागचा पाय ताणायचा तो पवित्रा. मागची टाच जमिनीला टेकलेली हवी, आणि त्यासाठी घोटा चांगला वाकावा लागतो. वर्षानुवर्षं खुर्चीत बसून पोटऱ्या आखडल्या की तो वाकत नाही. पोराला हे शरीरशास्त्र ठाऊक नव्हतं, टाच तेवढी दिसत होती. पुढे लेखिकेने भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणायचा नेम धरला, तोही स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या मोजत.

खरी अडचण वेगळीच निघाली. वॉर्मअपला जंपिंग जॅक सुरू झाले आणि दोन बाळंतपणं झालेल्या बाईला कळलं की उडी मारली की लघवीचे थेंब गळतात. कपडे पांढरेशुभ्र, आजूबाजूला पोरं. असल्या वेळी बहुतेक बायका दुसऱ्या दिवसापासून येत नाहीत, आणि कारण म्हणून ‘गुडघा दुखतो’ सांगतात. वास्तविक हे फार बायकांना होतं. गर्भारपणात आणि प्रसूतीत ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात, सैल पडतात. अर्नोल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने त्यांच्या व्यायामाबद्दल १९४८ सालीच लिहून ठेवलं आहे. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, काही सेकंद धरायचे, सोडायचे, आणि हे महिनोनमहिने रोज करायचं. फिजिओथेरपिस्टने दाखवलेली आणखी एक युक्ती अशी की उडीच्या किंवा शिंकेच्या आधीच ते आवळून घ्यायचे. काही महिन्यांत पुष्कळ फरक पडला. तोवर सरांना फक्त ‘मी उड्यांऐवजी जागेवर चालते’ एवढं सांगितलं, त्यांनीही पुढे विचारलं नाही. आपल्याकडे डिंकाच्या लाडवांची पाककृती पिढ्यान्‌पिढ्या पोचते, ही एवढी माहिती मात्र पोचत नाही.

आणि किआई. हेयान शोदानमध्ये दोन ठिकाणी पोटातून ओरडायचं असतं. पोट आवळलं जातं, श्वास झटक्यात बाहेर पडतो आणि ठोशाला जोर येतो, असं त्यामागचं गणित. लेखिकेच्या तोंडून आधी नुसता खोकल्यासारखा आवाज निघाला. घरात पोरांवर ओरडताना हाच गळा गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातो, हे विशेष.

वर्ध्याला तशी मोठ्या बायकांनी व्यायाम शिकण्याची गोष्ट नवी नाही. १९३६ हे वर्षच बघा. ३० एप्रिलला गांधीजी शेगावात राहायला आले, तेच पुढे सेवाग्राम. ऑगस्टमध्ये शेजारच्या अमरावतीहून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करायला गेलं होतं. आणि २५ ऑक्टोबरला, विजयादशमीच्या दिवशी, लक्ष्मीबाई केळकरांनी वर्ध्यात राष्ट्र सेविका समिती सुरू केली. तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या. वकील असलेले पती १९३२ मध्ये वारले होते, घरात मोठा पोरवडा. मुलं संघाच्या शाखेत जाऊन लाठी शिकतात, मग बायकांनी का शिकू नये, या प्रश्नातून त्यांनी हे काम उभं केलं. त्या संघटनेचा विचार पटो न पटो, नऊवारीच्या काळात या गावच्या बायकांनी हातात लाठी घेतली होती ही घटना उरतेच. गांधीजी अहिंसावाले म्हणून त्यांना बायकांचा प्रतिकार चालत नसेल, असं वाटणाऱ्यांसाठीही एक नोंद आहे. हल्ला झालेल्या स्त्रीने हिंसा-अहिंसेचा विचार करत बसू नये, हाती येईल त्या उपायाने स्वतःला वाचवावं, असं त्यांनी १९४२ मध्ये ‘हरिजन’मध्ये लिहिलं होतं.

तरीही ‘स्वसंरक्षणासाठी शिका’ ही जाहिरात लेखिकेच्या गळी उतरत नाही. ३ फेब्रुवारी २०२० ला वर्धा जिल्ह्यातल्याच हिंगणघाटात एका तरुण प्राध्यापिकेला कॉलेजला जाताना भररस्त्यात पेट्रोल टाकून जाळण्यात आलं. आठवड्याने, १० फेब्रुवारीला, नागपूरच्या रुग्णालयात ती गेली. जिल्हा बंद झाला, मोर्चे निघाले, आणि मुलींना कराटे शिकवा असा सूर सगळीकडून ऐकू आला. पाठलाग करणाऱ्या माणसाने ठरवून पेट्रोल आणलं असेल तर ब्लॉक घालून काय होणार होतं? त्याला वेळीच अडवायचं काम पोलिसांचं, शेजाऱ्यांचं, त्याच्या घरच्यांचं होतं. ते काम मुलींच्या मनगटावर ढकलणं सोयीचं असतं, एवढंच.

मग जायचं कशाला? लेखिकेपुरतं उत्तर साधं आहे: मजा येते. ठोसा नीट बसला की कपड्याचा फट्ट आवाज येतो, तो ऐकायला आवडतो. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये महिलांच्या काताचं सुवर्ण स्पेनच्या सांद्रा सांचेझने जिंकलं, तेही जपानी प्रतिस्पर्ध्याला जपानातच हरवून. वय ३९. ती तिशी ओलांडल्यावर राष्ट्रीय संघात आली होती. पुण्याच्या हडपसरमधल्या शांताबाई पवार तर लहानपणी वडिलांकडून लाठीकाठी शिकल्या आणि २०२०च्या टाळेबंदीत, पंच्याऐंशीच्या वयात, पोटासाठी त्याच काठ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्यांचा व्हिडिओ पाहून सगळे हरखले. त्या वयाच्या बाईला रस्त्यावर खेळ का करावा लागला, हा प्रश्न टाळ्यांच्या मानाने फारच कमी जणांनी विचारला.

पिवळ्या पट्ट्याच्या परीक्षेचा फॉर्म आला तेव्हा त्यात ‘पालकाची सही’ असा रकाना होता. सर म्हणाले, मोकळा सोडा. त्याच क्लासला येणाऱ्या लेखिकेच्या मुलीने तो मोकळा सोडला नाही. आईच्या प्रगतिपुस्तकावर सही करायची संधी कोण घालवेल!

मैदानाच्या कडेला पोरांना घेऊन आलेल्या बायकांची एक रांग रोज भिंतीवर बसलेली असते. उन्हाळ्यात पारा ४५च्या वर जायला लागला तसा क्लास पहाटे साडेपाचला आला, तरी ती रांग तशीच. “कायले एवढा जीव काढता वो ताई?” असं विचारणाऱ्या त्यातल्याच दोघी परवा सरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. “आमी येतो सर, पण पांढरा पायजमा नाई घालणार, डाग पडते. परीक्षा नाई देणार. अन्‌ ग्रुपवर फोटो नाई टाकाचा.” सरांनी पहिल्या दोन अटी तिथल्या तिथे मान्य केल्या. फोटोचं मात्र त्यांच्या हातात नव्हतं; भिंतीवर बसलेल्या बाकीच्या बायकांनी मोबाईल केव्हाच बाहेर काढले होते.