माशी, मासा आणि अब्बांचा सवाल

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. सातवीचा मराठीचा तासही माझ्याकडेच असतो. एकदा फळ्यावर 'मासा' आणि 'माशी' हे दोन शब्द लिहून त्यांचा संबंध विचारला, तर एका मुलाने माशीला माशाची बायको करून टाकलं. सगळा वर्ग हसला. घरी येऊन अब्बांना ही गंमत सांगितली तेव्हा ते म्हणाले, "हसतेस काय? तुझा भाईजान तिकडे माशी दाखवूनच मासा धरतो ना?"

खरंच होतं ते. भाईजान 2014 पासून कॅनडात, व्हँकूव्हरच्या उत्तरेला स्क्वॉमिश या गावी राहतात. इमारतींच्या वायरिंगचं काम करतात आणि हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी स्क्वॉमिश नदीवर गळ टाकतात. त्या गळाला गांडूळ नसतं, कणकेची गोळी नसते. आकड्यावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी असते. तिच्यावर येणाऱ्या माशाच्या जातीचं नाव 'चार'. अब्बांनी ते नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं, "चार? आणि पाचवा कुठे गेला?"

आमचं घर चिपळूणला, वाशिष्ठीपासून हाकेच्या अंतरावर. अब्बा एसटीत कंडक्टर होते. सुट्टी मिळाली की भाईजानला आणि मला घेऊन नदीवर जायचे. भाईजानच्या हातात गळ आणि माझ्या हातात गांडुळांचा डबा. मी बारा वर्षांची झाले आणि अम्मीने माझं नदीवर जाणं बंद केलं. गळ सुटला, पण गळाच्या गोष्टी कानावर पडतच राहिल्या.

अब्बांचे नियम साधे होते. मासा पाण्याशी भांडत नाही, म्हणून जिथे त्याला भांडावं लागत नाही तिथे बघ. पाणी त्याच्यासाठी काय वाहून आणतंय ते आधी बघ, मग आमिष लाव. आणि आपली सावली पाण्यावर पाडू नकोस. थंडीत वाशिष्ठीवर जायचं तर आणखी एक गोष्ट पाहावी लागे. कोयनेचं पाणी पोफळीच्या वीजघरातून सह्याद्रीच्या या बाजूला उतरतं आणि शेवटी वाशिष्ठीला मिळतं. पावसाळा संपला तरी आमची नदी विजेच्या हिशोबाने चढते-उतरते. म्हणून अब्बा आदल्या दिवशी ओळखीच्या माणसाला विचारून ठेवायचे, "उद्या मशिनं किती चालणार?"

हेच नियम घेऊन भाईजान परदेशी गेले. त्यांची शनिवारची संध्याकाळ म्हणजे आमची रविवारची सकाळ. बरोबर साडेआठला फोन यायचा. अब्बा चहाचा कप घेऊन बसायचे आणि सलाम-दुआ आटोपली की पहिला प्रश्न असायचा, "पाणी कसं होतं?"

भाईजान सांगायचे. ती नदी बर्फाच्या डोंगरांतून येते. उन्हाळ्यात हिमनद्या वितळतात तेव्हा दगडाच्या पिठाने तिचं पाणी दुधाळ होतं. थंडीत वितळणं थांबतं, पाणी उतरतं आणि निवळतं. मधेच मोठा पाऊस झाला की ती पुन्हा फुगते. म्हणून घरून निघण्यापूर्वी ते मोबाइलवर सरकारी मोजणीकेंद्राचा आकडा बघतात. पाणी चढत असेल तर जायचं नाही, उतरून निवळायला लागलं की जायचं. अब्बा खूश होऊन म्हणायचे, "म्हणजे तिथेही पोफळीला विचारावंच लागतं."

कडक थंडीत माशाचं अंगही मंदावतं. तो आमिषामागे धावत नाही, ताकद राखून असतो. म्हणून खळाळत्या पाण्यात तो सापडत नाही. वेगाचं आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जातं ती रेघ शोधायची. वळणावरचा डोह, पडलेल्या झाडाच्या खोडामागची सावली, डोह संपून पाणी पुन्हा उथळ होऊ लागतं तो शेवटचा उतार, आणि जमिनीतून झरे येतात त्या बाजूच्या फाट्या, कारण झऱ्याचं पाणी नदीपेक्षा जरा ऊबदार असतं. पहाटे जाण्यात अर्थ नाही, गळाच्या काठीवरच्या कड्यांत बर्फ धरतं. अकरा ते दोन ही खरी वेळ. माशी पलीकडे टाकायची, तळापर्यंत बुडू द्यायची आणि प्रवाहाबरोबर हळूहळू अलीकडच्या संथ पाण्यात येऊ द्यायची. घाई केली तर हात रिकामा.

आणि माशी कोणती? इथे अब्बा कान टवकारायचे. शरद ऋतूत समुद्रातले सॅमन अंडी घालायला नदीत चढतात. अब्बांना हे समजावून सांगावं लागलं नाही, कोकणात पहिल्या पावसात चढणीचे मासे कोणी पाहिले नाहीत? चार त्या सॅमनच्या मागे असतो, वाहून येणारी अंडी खायला. तेव्हा आकड्यावर नारिंगी-गुलाबी लोकरीचा मण्याएवढा गोळा पुरतो. डिसेंबरात अंडी घालून मेलेल्या सॅमनचं मांस सुटून वाहतं. तेव्हा सशाच्या कातड्याची फिकट मलईरंगी पट्टी. त्याच मेलेल्या माशांसाठी शेकडो गरुड तिथे जमतात. 1994 च्या मोजणीत ते 3,769 भरले होते. जानेवारीत ही मेजवानी संपते. मग तळाच्या दगडांत राहणाऱ्या छोट्या माशासारखी तपकिरी-हिरवट माशी, डोक्याशी वजन बांधलेली. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळूतून सॅमनची पिल्लं बाहेर येतात. तेव्हा बोटाच्या दोन पेरांएवढी, बारीक, चंदेरी, मोठ्या डोळ्याची माशी.

"म्हणजे नदीचं कॅलेंडर आहे," अब्बा म्हणायचे. मला मात्र माझा वर्ग आठवायचा. तळाशी बसलेल्या पोरासमोर मी वर्षभर एकच माशी नाचवत असते.

आता मुद्द्याची गोष्ट. एका रविवारी भाईजानने फोटो पाठवला. हातभर लांब मासा, गडद अंगावर फिकट ठिपके, पोटाखालच्या परांना पांढरी किनार. भाईजान म्हणाले, हीच चारची ओळख. ट्राउटच्या अंगाचा रंग फिकट आणि ठिपके गडद असतात, याचं उलटं. या माशाचं इंग्रजी नाव 'बुल ट्राउट', पण तो ट्राउट नव्हे. 1978 मध्ये शास्त्रज्ञांनी तो वेगळी जात म्हणून ठरवला.

अब्बांनी विचारलं, "कालवण कसं झालं?"

"सोडून दिला, अब्बा. आम्ही इथे हा मासा धरून सोडतो."

अब्बा गप्प झाले. मग म्हणाले, "खायचा नव्हता तर त्याच्या तोंडात आकडा का घातलास?"

भाईजानने पुष्कळ समजावलं. हा मासा वाढायला वेळ घेतो, अंडी घालण्याजोगा व्हायलाच त्याला पाच-सात वर्षं लागतात, स्वच्छ थंड पाण्याशिवाय तो जगत नाही. आकड्याला उलटा काटा ठेवायला तिथे बंदी आहे, त्यामुळे आकडा चटकन निघतो. मासा पाण्याबाहेरही फारसा काढत नाहीत. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जपायचा आहे ना? मग त्याला घरी राहू दे, तूही घरी राहा. भुकेसाठी जीव घेणं अल्लाहने हलाल केलंय. मुका जीव खेळणं नव्हे."

त्यानंतरही दर रविवारी फोन येत राहिला. पाणी, माशी, डोह, सगळं बोलणं व्हायचं. सोडण्याचा विषय दोघंही टाळायचे. 22 जुलै 2021 च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरलं, अब्बांचे गळ वाहून गेले. पुढे नदीतला गाळ उपसला. ते गरजेचंच होतं, पण अब्बांचे डोह ओळखू येईनात. ते पुलावर उभे राहून म्हणाले, "आता मलाही नवीन नदी शिकावी लागेल." शिकायला तब्येतीने साथ दिली नाही.

2023 च्या डिसेंबरात फजरच्या वेळी अब्बा गेले. असरनंतर दफन झालं. तिकडून विमानाने यायचं तरी दीड-दोन दिवस लागतात. मातीला भाईजानचा हात लागला नाही. ते त्या दिवशी नदीवर जाऊन बसले होते, गळ न नेता.

मार्चमध्ये त्यांचा फोन आला. सांगत होते की या वर्षी सॅमनची पिल्लं अमाप आहेत. तिथे गुलाबी सॅमन विषम सालात चढतो, 2023 चा चढ झाला, त्याची ही पिल्लं. मग एकदम थांबले आणि म्हणाले, "एक विचारू? शेवटी तरी अब्बांना पटलं होतं का गं माझं?"

'हो' म्हणणं किती सोपं होतं! आठ हजार मैलांवरच्या माणसाला एवढं खोटं दिलासा म्हणून माफ झालं असतं. पण मी त्या दोघांच्या मधे डबा धरून उभी राहिलेली मुलगी. म्हटलं, "नाही, भाईजान. नाही पटलं. इंतकालाच्या आठवडाभर आधीसुद्धा मला म्हणाले, त्याला सांग, मासा विसरत असेल, आपण विसरू नये. पण रविवारी आठ वाजल्यापासून चहा घेऊन फोनजवळ बसायचे. चहा निवला तरी उठायचे नाहीत."

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग ते म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस."

आता ते हिवाळ्यात पूर्वीसारखेच नदीवर जातात. आकडा बघतात, पाणी बघतात, डब्यातून माशी निवडतात. पण एक मासा धरून सोडला की गळ गुंडाळतात आणि उरलेला वेळ काठावर बसून पाणी बघतात. हे अब्बांना पटलं असतं का, ते त्यांनी मला विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. रविवारी साडेआठला फोन वाजतो, आणि आता मी विचारते, "पाणी कसं होतं?"